दक्षिण आफ्रिकेतल्या कर्तबगार बायका: बचत गटात कुणाबद्दल सांगू?

अशोकचौक_अक्का: नमस्कार मंडळी. आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात बिडीवाल्या आणि शिलाईकाम करणाऱ्या बायकांचा बचत गट आहे. मीटिंगमध्ये हप्त्यांचा हिशोब उरकला की थोडा वेळ कुणातरी बाईच्या कामाबद्दल बोलायचं असं ठरवलंय, ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिका घेतोय कारण ९ ऑगस्टला तिथला महिला दिन असतो. विनी मंडेला सगळ्यांना ऐकून माहीत आहेत, दुसरं कोण? नेटवर बघावं तर नुसत्या बँकांच्या सीईओंच्या याद्या, त्यात आमच्या बायकांना आपलं असं काय वाटणार? सांगा की कुणीतरी.

मिलचा_भोंगा: अक्का, ९ ऑगस्टचाच किस्सा सांगा की. १९५६ साली त्या दिवशी जवळपास २० हजार बायका प्रिटोरियात युनियन बिल्डिंगवर, म्हणजे सरकारच्या मुख्य कचेरीवर मोर्चा घेऊन गेल्या. काळ्या माणसाला आपल्याच देशात हिंडायला पास लागायचा, तो आता बायकांवरही लादायला लागले होते म्हणून. पंतप्रधान भेटलेच नाहीत, मग सह्यांचे गठ्ठे तिथं ठेवून सगळ्याजणी अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या, कितीजणींच्या पाठीला लेकरं बांधलेली.

पुढं होत्या त्या चौघींचं बघा. लिलियन न्गोयी कपड्यांच्या कारखान्यात मशीन चालवायच्या, पुढं सरकारनं बंदी घालून घरात डांबल्यावर शिलाई करूनच पोट भरलं, १९८० ला गेल्या, लोकशाही बघायला मिळालीच नाही. सोफिया विल्यम्स कापड गिरणीत कामाला, तिथंच युनियनमध्ये आल्या, मोर्चाच्या वेळी वय १८! त्या मात्र पुढं गौटेंग प्रांताच्या विधिमंडळात उपसभापती झाल्या. रहिमा मूसा भारतीय वंशाच्या, डबाबंद अन्नाच्या कामगारांच्या युनियनमधल्या आणि त्या दिवशी गरोदर. चौथ्या हेलन जोसेफ गोऱ्या, त्यांनी तरुणपणी आपल्या शेजारच्या हैदराबादेत मुलींच्या शाळेत शिकवलेलं. गिरणी, शिलाई, युनियन, ह्यातलं काय सोलापूरला नवीन आहे सांगा.

सातरस्ता: थुली मॅडोन्सेला विसरू नका. २००९ ते २०१६ पब्लिक प्रोटेक्टर होत्या, आपल्याकडच्या लोकायुक्तासारखं पद. राष्ट्राध्यक्ष झुमांच्या गावाकडच्या घरावर सुरक्षेच्या नावाखाली सरकारी २४ कोटी ६० लाख रँड खर्च झाले, त्यात गुरांचा गोठा, कोंबड्यांचं खुराडं आणि स्विमिंग पूल. पूल कशाला तर म्हणे आग विझवायला पाणी लागतं! बाईंनी २०१४ मध्ये रिपोर्टात लिहिलं की ह्यातले काही पैसे झुमांनी स्वतः भरायचे. संसदेनं झुमांचीच बाजू घेतली, बाईंवर नाही नाही ते आरोप झाले, पण २०१६ ला तिथल्या घटना न्यायालयानं एकमतानं सांगितलं की बाईंचा आदेश पाळावाच लागेल, आणि शेवटी झुमांना ७८ लाख रँड भरावे लागले. माझ्या मते आख्ख्या यादीत हेच काम सगळ्यात अवघड, कारण हातात पोलीस नाहीत की पक्ष नाही.

रोजकीर्द: अक्का एक बोलू का, सीईओ म्हणून सरसकट बाजूला काढू नका. मारिया रामोस आधी बँकेत साध्या क्लार्क होत्या, बँकेची पुढच्या शिक्षणाची स्कॉलरशिप फक्त पुरुषांना मिळायची, त्या भांडल्या आणि ती मिळवली. नंतर देशाच्या अर्थखात्याच्या सचिव आणि २००९ पासून दहा वर्षं अब्सा बँकेच्या प्रमुख. आयरीन चार्नली तर खाण कामगारांच्या युनियनकडून मालकांशी वाटाघाटी करायच्या, तिथून एमटीएन ह्या मोबाईल कंपनीच्या संचालक.

आणि गटासाठी खास, तिकडं स्टॉकवेल म्हणून असतं, म्हणजे आपली भिशीच, दर महिन्याला सगळ्यांनी पैसे काढायचे आणि पाळीपाळीनं उचलायचे. १९९४ ला चार बायकांनी विपहोल्ड नावाची गुंतवणूक कंपनी काढली आणि पुढं त्यात साध्या बायकांनाच छोटे छोटे शेअर घ्यायला लावले. हे सांगितलं की तुमच्या बायका प्रश्न विचारून भंडावून सोडतील बघा.

अशोकचौक_अक्का: लई भारी माहिती दिलीत सगळ्यांनी. रोजकीर्द दादा, पटलं तुमचं, रामोसबाई घेतेच. पण सुरुवात लिलियन आणि सोफियापासून, आमच्यातल्या कितीतरी जणींच्या सासवा मिलमध्ये होत्या. निम्म्यांना तेलुगूतून सांगावं लागतं, ते मी बघते. मिलचा भोंगा, तुमच्याकडं त्या मोर्चाचा फोटो असला तर इथंच टाका, ग्रुपवर आधी पाठवते.