पुन्हा: शनिवारचा हॉल – ओळखपत्र क्रमांकाचा रकाना

प्रेषक: सचिव

सर्वांना,
इथे झिम्बाब्वेत ऐंशीच्या दशकात सैन्याच्या अत्याचारात ज्यांची माणसं गेली, त्यांच्या शनिवारच्या सभेसाठी चर्चला आपला हॉल द्यायचं कमिटीत ठरलंय, त्यावर पुन्हा चर्चा नको. अडलंय ते हजेरीपटावर. चर्चच्या बाईंनी पाठवलेल्या पटात चार रकाने आहेत: नाव, गाव, ओळखपत्र क्रमांक, सही. बसभाडं देणाऱ्या संस्थेला तो पूर्ण भरून हवाय. बाईंचं म्हणणं, त्शोलोत्शो भागातल्या गावांतून येणाऱ्या आज्या तिसरा रकाना बघूनच उठून जातील. उद्या दुपारपर्यंत सांगा, झेरॉक्स काढायच्या आहेत. आणि हॉलची किल्ली कोणाकडे आहे?

---

प्रेषक: खजिनदार

पैसे आपले नाहीत, मान्य. पण वाटले जाणार आपल्या हॉलमध्ये, आणि उद्या कोणी विचारलं तर तोंड मला द्यायचंय. गणपतीत ढोलवाल्याची पावती नव्हती तेव्हा माझ्या बाजूने कोण बोललं होतं? नंबर नाही तर भाडं नाही.
शिवाय पत्रकावर आपण 'सहआयोजक' कसे झालो? आपण फक्त जागा देतोय.

---

प्रेषक: वहिनी (ग्रंथालय)

'सहआयोजक' नाही, 'जागा सौजन्य' लिहिलंय. मसुदा उघडून तरी बघत जा. किल्ली माझ्याकडे नाही, दिवाळीपासून नाटकवाल्यांकडे आहे.

---

प्रेषक: नाना

खजिनदारसाहेब, ढोलवाल्याची पावती आणि हे एका तागडीत घालू नका.

१९८४ साली मी दक्षिण माटाबेलेलँडमध्ये, केझीच्या बाजूला शाळेत गणित शिकवत होतो. फेब्रुवारीत संचारबंदी लागली, दुकानांना कुलपं, मक्याचं पीठ मिळेना. वर्गात चाळीस पोरं असायची, ती वीसवर आली. एकाच्या बापाला सैन्याच्या भलाग्वे छावणीत नेलं, तो परत आला नाही. मेला म्हणून कुठे नोंद नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. पोराचा जन्मदाखला काढायचा तर खिडकीवरचा कारकून म्हणतो, बापाला आण नाहीतर त्याचा दाखला आण. जन्मदाखला नाही म्हणून ओळखपत्र नाही. आज त्या पोराची पंचेचाळिशी उलटलीय. शनिवारी तो येतोय ते नेमकं हेच सांगायला, की मला कागद द्या. त्याच्यापुढे तुमचा पट सरकवून मी काय सांगू, तिसऱ्या रकान्यात काय लिही?

त्याच वर्षी ह्या अत्याचारांबद्दल सरकारने नेमलेली चिहाम्बाक्वे यांची चौकशी समिती बुलावायोत बसली होती. लोक जाऊन बोलले. पुढच्या वर्षी सरकारने सांगून टाकलं, अहवाल छापणार नाही. आजतागायत छापलेला नाही. इकडचा माणूस कोऱ्या कागदाला का बिचकतो ते ह्यात आलं.

---

प्रेषक: वहिनी (ग्रंथालय)

नाना, १९८४ ला तुम्ही प्लमट्रीला होतात ना? रौप्यमहोत्सवी अंकात तसं छापलंय.

---

प्रेषक: नाना

प्लमट्री १९८६. अंकात चूक आहे, तेव्हाच कळवलं होतं.

---

प्रेषक: वकील

कायद्याचं काही आलं तर आधी मला विचारायचं ठरलं होतं. असो.

हा पट सरकारी शांतता व सलोखा आयोगाचा नाही. आयोगाची माणसं नंतर येणार. शनिवारी फक्त चर्च, महिला गट आणि गावची मंडळी मिळून काय मांडायचं ते ठरवणार आहेत. म्हणजे नंबराचा हट्ट भाडं देणाऱ्या संस्थेच्या हिशेबासाठी आहे, कायद्यासाठी नाही. उलट ओळखपत्रांचे नंबर लिहिलेली यादी आपल्या कपाटात राहिली तर ती कोणाच्या हाती लागेल याची हमी मी देणार नाही.

आणि 'पुढच्या महिन्यात घेऊ' असंही नको. घटनेच्या कलम २५१ मध्ये आयोगाला १० वर्षंच दिली होती. घटना लागू झाली २२ ऑगस्ट २०१३ ला. आयोगाचा कायदा राजपत्रात यायला ५ जानेवारी २०१८ उजाडली. चार वर्षांहून जास्त काळ तिथेच गेला.

---

प्रेषक: खजिनदार

> त्याच्यापुढे तुमचा पट सरकवून

पट माझा नाही हो नाना. मी पण माणूस आहे. पण पैसे बिनसहीचे वाटायचे का, एवढंच सांगा.

---

प्रेषक: सचिव

बाईंशी फोनवर बोलले. माणशी भाडं वाटूच नका, असं त्या म्हणतात. दोन काँबी (भाड्याच्या छोट्या व्हॅन) ठरवायच्या, पैसे थेट दोन ड्रायव्हरांना. दोन पावत्या, दोन ओळखपत्रं, विषय संपला. दारात हजेरीपट नाही, फक्त डोकी मोजायची. बोलणाऱ्याने नाव सांगायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. भाडं देणाऱ्या संस्थेनेही हो म्हटलंय.

---

प्रेषक: खजिनदार

हे चालेल. पण मोबाइलवरून, इकोकॅशनेच द्या, मेसेज राहतो. रोख देऊ नका.

---

प्रेषक: वहिनी (ग्रंथालय)

इकोकॅश घेणारा काँबीवाला मला दाखवा. त्यांना डिझेल रोखीने भरावं लागतं. मागच्या सहलीला कोण ताटकळलं होतं रस्त्यावर?

---

प्रेषक: खजिनदार

बरं, रोख. पण पावतीवर गाडीचा नंबर हवाच. गाड्यांना तरी नंबर असतो ना.

---

प्रेषक: नाना

आज्यांना पुढच्या रांगेत बसवा, कान कमी आहेत. आणि चहा आधी. बोलणं सुरू झालं की मग कोणी कपाला हात लावत नाही. मागच्या वेळी पूर्ण किटली गार झाली होती.

---

प्रेषक: नाटक विभाग

आत्ताच सगळ्या मेल वाचल्या. किल्ली माझ्याकडे आहे. शनिवारी दहा ते दोन पाडव्याच्या नाटकाची तालीम आहे, ती महिन्यापूर्वी याच लिस्टवर कळवली होती. कोणी वाचली का?