जाळ्यांचं विश्लेषण: जेफी पुरे की कोड लिहायलाच हवा?

तापीकाठ (जळगाव)
थोडं भांडायला आलोय, भो. आमच्याकडे एम.ए., एम.कॉम.च्या प्रकल्पांत हल्ली 'नेटवर्क' शिरलंय. रावेर, यावल, चोपड्यातला कोणता शेतकरी कोणत्या व्यापाऱ्याला केळी देतो ते विचारून लिहायचं, सीएसव्ही करायची, जाळ्यांची चित्रं काढणाऱ्या जेफी या सॉफ्टवेअरमध्ये ओतायची, बिंदू आपोआप मांडणारा फोर्स ॲटलास २ फिरवायचा आणि रंगीत गोळे आले की छापून बांधायला द्यायचे. तोंडी परीक्षेत विचारलं, हा जांभळा गोळा मधोमध का? तर म्हणे, "सर, तो तिथंच आला."

माझं मत: पहिल्या दिवसापासून पायथनमधलं नेटवर्कएक्स नाहीतर आरमधलं आयग्राफ, म्हणजे जाळी मोजणारी कोडची पॅकेजेस, शिकवा. जेफी शेवटी, निव्वळ चित्रापुरतं. माऊसनं काय गाळलं, कोणते बिंदू हातानं सरकवले, याचा माग राहत नाही. कोडची फाइल उघडली की सगळा क्रम समोर असतो. आणि त्या चित्रात डावं-उजवं, वर-खाली याला अर्थ नसतो. तेच जाळं पुन्हा मांडलं तर तोच गोळा दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ शकतो.

नंदुरबारी_मिरची
सर, तुमची लॅब असेल चांगली, आमची येऊन बघा. वाणिज्यची पोरं, जुने संगणक, इंटरनेट आलं तर आलं. पायथन आणि त्याची पॅकेजेस बसवता बसवता सत्र संपेल. जेफी 2008 पासून आहे, फुकट आहे, खुलं आहे, आता त्यासाठी जावाही वेगळं टाकावं लागत नाही. पेनड्राइव्हवरून सगळ्या मशीनवर जातं.

माग राहत नाही हे अर्धंच खरं. मॉड्युलॅरिटी चालवली, म्हणजे जाळ्यातले गट पाडले, की जेफी अहवाल देतो. रिझोल्युशन (गट किती मोठे-लहान पाडायचे तो आकडा) किती, वजनं धरली का, रँडमाइझ चालू होतं का, हे त्यात लिहिलेलं असतं. तो परिशिष्टात लावून घेणं मार्गदर्शकाचं काम आहे, सॉफ्टवेअरचं नाही.

आणि चित्राला एवढं हिणवू नका. एकाच व्यापाऱ्याचं नाव एकदा ऱ्हस्व, एकदा दीर्घ लिहिलं तर कोड निमूटपणे दोन व्यापारी धरतो. चित्रात ते दोन ठिपके शेजारी-शेजारी, जवळपास त्याच शेतकऱ्यांना चिकटलेले दिसतात आणि पोरगीच म्हणते, "सर, हे एकच आहेत ना?"

एक्सेलवाला
एक्सेलमध्येच चालणारं नोडएक्सएल का नाही? एक्सेल सगळ्यांना येतं.

तापीकाठ (जळगाव)
फुकटच्या आवृत्तीत हात बांधलेले, पूर्ण हवी तर पैसे. आणि सोबत एक्सेलचा परवाना. पुढे.

भुसावळ_जंक्शन
बटण विरुद्ध कोड हे भांडण चालू द्या, पण खरा खड्डा दुसरीकडे आहे. वजन.

रेल्वेचं जाळं घ्या. भुसावळहून एक फाटा खंडव्याकडे, एक अकोल्याकडे, एक जळगावकडे. कडेवर, म्हणजे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेवर, किलोमीटर लिहिले तर आकडा लहान म्हणजे ठिकाणं जवळ. बिटवीननेस काढताना, म्हणजे सगळ्यात जवळच्या वाटांपैकी किती वाटा या ठिकाणावरून जातात ते मोजताना, हे बरोबर बसतं. आता केळीच्या जाळ्यात कडेवर क्विंटल लिहा. इथं आकडा मोठा म्हणजे संबंध घट्ट. सॉफ्टवेअरला हे कुठून कळणार? ते क्विंटललाही अंतरच समजतं. म्हणजे वर्षानुवर्षं ज्याला माल जातो तो व्यापारी सगळ्यात 'लांब' आणि एकदाच दोन क्विंटल नेणारा सगळ्यात 'जवळ'.

पुढची गंमत ऐका. नेटवर्कएक्स सांगितल्याशिवाय बिटवीननेसमध्ये वजन धरतच नाही. सांगितलं तर अंतर म्हणून धरतं. आरमधल्या आयग्राफला 'वेट' नावाचा रकाना दिसला की तो न विचारता वापरतो, तोही अंतर म्हणूनच. जेफी बिटवीननेस काढताना वजनाकडे बघत नाही. त्यामुळे त्याच फाइलवर आयग्राफची क्रमवारी एक आणि बाकी दोघांची दुसरी, आणि कुठेही लाल अक्षरात चूक नाही. तेव्हा कोड लिहिला म्हणजे आपण शास्त्रीय झालो, या भ्रमात राहू नका, सर. क्विंटलचा व्यस्त घेऊन अंतर बनवायचं की वजन सोडूनच द्यायचं, हे आधी वहीत लिहा, मग मशीन चालू करा.

तापीकाठ (जळगाव)
हे तर माझ्याच बाजूचं बोललात! कोडमध्ये ती ओळ असते, नाहीतर नसते. बोट ठेवून दाखवता येतं. जेफीत वजन गळलं हे पोराला कळणार कधी?

भुसावळ_जंक्शन
आणि आयग्राफनं न विचारता घेतलं हे तुमच्या पोराला कोणत्या ओळीत दिसणार?

साडेतीन_खापर (धुळे)
मी आरवाला, पण तापीकाठ यांच्या बाजूनं उभा राहणार नाही. कारण तुम्हा सगळ्यांचं जाळंच दोन जातींचं आहे. शेतकरी शेतकऱ्याला केळी विकत नाही, व्यापारी व्यापाऱ्याला विकत असला तरी ते तुमच्या नोंदीत नाही. सगळ्या कडा शेतकरी ते व्यापारी. अशा जाळ्यात त्रिकोण होऊच शकत नाही, म्हणून क्लस्टरिंग गुणांक, म्हणजे एकाचे शेजारी आपसांतही किती जोडलेले आहेत त्याचं माप, शून्य येतो. 'शेतकऱ्यांमध्ये एकजूट नाही' असा निष्कर्ष त्यावरून काढलेला प्रबंध मी वाचलाय. हसावं की रडावं?

बरं, मग एकाच व्यापाऱ्याचे शेतकरी आपसांत जोडू म्हणाल, तर 300 शेतकऱ्यांचा एक व्यापारी एकटाच 44,850 कडा तयार करतो. तो शेवयांचा गुंता कुठल्याही सॉफ्टवेअरनं सुटत नाही. नेटवर्कएक्समध्ये अशा दोन जातींच्या, म्हणजे द्विपक्षी, जाळ्यांचा वेगळा विभाग आहे, आयग्राफमध्येही सोय आहे, जेफीत प्लगिन टाकावं लागतं. आणि ज्याचं नाव इथं कोणी घेतलं नाही ते पायेक. स्लोव्हेनियातल्या बाटागेल्य आणि म्रवार यांनी 1996 मध्ये सुरू केलेलं. दिसायला जुनाट, पण अशी जाळी ते पहिल्यापासून नीट हाताळतं, आणि अव्यावसायिक कामाला फुकट आहे. विंडोजवर चालतं, म्हणजे नंदुरबारची लॅबही चालेल.

नंदुरबारी_मिरची
पायेकची मेनू-यादी बघून पोरं पळून जातील, आबा.

शिरपूर_फार्मा
आमच्याकडे सायटोस्केप. प्रथिनांच्या जाळ्यांसाठीच ते वाढलं, माहितीसाठे थेट जोडता येतात. केळीसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका, उगाच जड पडेल.

अमळनेरी_अक्षर
मुद्दा लहान आहे, पण प्रबंध मराठीत असेल तर घाम काढतो. नेटवर्कएक्स चित्र काढायला मॅटप्लॉटलिब वापरतं. देवनागरी फाँट दिला तरी माझ्याकडे जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. 'व्यापारी'चं जे होतं ते छापण्यासारखं नसतं. तेच जाळं ग्राफविझला दिलं, किंवा पायविस वापरून ब्राउझरमध्ये उघडलं, तर अक्षरं नीट येतात. आधी दहा नावं टाकून बघा, मगच हजार टाका.

तापीकाठ (जळगाव)
हे उपयोगाचं. पण मूळ मुद्दा सुटतोय. लुव्हां पद्धतीनं गट पाडले की दर वेळी गट थोडे बदलतात, कारण बिंदू कोणत्या क्रमानं घ्यायचे ते यादृच्छिक असतं. नेटवर्कएक्समध्ये सीड, म्हणजे तो यादृच्छिक क्रम पक्का करणारा आकडा, दिलं की तेच उत्तर परत मिळतं. शिवाय लुव्हांचा एखादा गट आतून तुटलेलाही निघू शकतो, म्हणून तर 2019 मध्ये लायडन पद्धत आली. पायथनच्या आयग्राफमध्ये ती तयार आहे. हे शिकवायचं की नाही?

नंदुरबारी_मिरची
शिकवा ना, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आणि शिकवताना एक सांगा: जेफीत रिझोल्युशन 1 च्या वर नेलं की गट मोठे आणि कमी होतात, नेटवर्कएक्समध्ये 1 च्या वर नेलं की लहान आणि जास्त. बरोबर उलटं. आकडा तोच ठेवून 'दोन्हीकडे पडताळलं' म्हणणारे निघतील.

बोलण्यापेक्षा करून बघू. तुमच्या एका विद्यार्थ्याची फाइल द्या. तुम्ही कोडनं करा, माझी पोरं जेफीत करतील. कोणत्या व्यापाऱ्याचं स्थान मोक्याचं, एवढाच प्रश्न.

तापीकाठ (जळगाव)
चालेल. पण शेतकऱ्यांची नावं काढून आकडे घालून देईन. कोणाचा माल कुठं जातो हे गावभर व्हायला नको. व्यापाऱ्यांचंही तसंच.

भुसावळ_जंक्शन
आणि क्विंटलच्या रकान्याला 'वेट' नाव देऊ नका. 'क्विंटल'च ठेवा. ज्याला ते धरायचंय तो स्वतःच्या हातानं धरेल.

साडेतीन_खापर (धुळे)
तीच फाइल मलाही पाठवा. पायेकमध्ये करतो.