प्रतिकारशक्ती ठणठणीत, तरी सीएमव्ही कोलायटिस: औषध लगेच की थोडं थांबून?

आतडेतज्ज्ञ:
एचआयव्ही नाही, अवयव प्रत्यारोपण नाही, केमो नाही, स्टेरॉइड नाहीत. तरीही रक्ती जुलाब, ताप, मोठ्या आतड्यात व्रण आणि बायॉप्सीत सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही), म्हणजे या विषाणूमुळे मोठ्या आतड्याला आलेली सूज (कोलायटिस). रिपोर्ट हातात पडताच अशा प्रत्येकाला गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करायची घाई मला पटत नाही. हा विषाणू नागीण-कांजिण्यांच्या कुळातला, एकदा शिरला की जन्मभर सुप्त राहणारा. २००५ मध्ये अशा ४४ प्रकाशित रुग्णांचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यात सुमारे ३२ टक्के आपोआप बरे झाले, बहुतेक पंचावन्नच्या आतले. औषध मात्र पांढऱ्या पेशी पाडतं, किडनी दुबळी असेल तर डोस बदलावा लागतो.

स्लाइडवाली:
३२ टक्के बरे झाले हे सांगितलंत, उरलेल्यांचं काय? त्याच विश्लेषणात पंचावन्नच्या पुढच्यांत मृत्यू जास्त होते, ते गाळलंत. शिवाय 'ठणठणीत' कुणाला म्हणायचं? या नावाखाली येणारे पुष्कळजण वयस्कर असतात, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेले, नाहीतर आयसीयूतून नुकतेच बाहेर आलेले. कागदोपत्री प्रतिकारशक्ती शाबूत, एवढंच.

आतडेतज्ज्ञ:
म्हणूनच तर 'सरसकट नको' म्हणतोय! आणि ते ४४ जण म्हणजे छापून आलेल्या केसेस. गंभीर रुग्णांवर लेख होतात, आठवड्यात बरा झालेला तिशीतला तरुण कोण छापणार?

गप्पबसवेना:
वडिलांचा अनुभव सांगते. न्यूमोनियातून उठले आणि संडासवाटे रक्त सुरू झालं. आधी अँटिबायोटिकमुळे होणारा जुलाब म्हणून उपचार, मग अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) समजून स्टेरॉइड. प्रकृती ढासळतच गेली. शेवटी बायॉप्सीत सीएमव्ही निघाला. आतड्याला भोक पडेपर्यंत थांबायचं होतं का?

आतडेतज्ज्ञ:
ताई, त्यांना औषध द्यायलाच हवं होतं, दुमत नाही. पण स्टेरॉइड सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती शाबूत राहिली कुठे? ही केस माझ्या मुद्द्यात बसत नाही.

गप्पबसवेना:
रक्त स्टेरॉइडच्या आधीपासून जात होतं. सोयीचं तेवढंच वाचू नका.

स्लाइडवाली:
+१. आणि दोन्ही बाजूंना एक विचारते, 'सीएमव्ही निघाला' म्हणजे नेमकं कशात? रक्तातलं आयजीजी (विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह असणं म्हणजे कधीतरी संसर्ग झाला होता, बस. ते बहुसंख्य प्रौढांत सापडतं. रक्ताचा पीसीआर (विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी) निगेटिव्ह असूनही आतड्यात रोग असू शकतो. ऊतींचा पीसीआर पॉझिटिव्ह आला तरी विषाणू नुसता बसलेला असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली घुबडाच्या डोळ्यासारख्या पेशी दिसल्या किंवा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (विषाणूची प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या तपासणीत) रंग आला, तर ऊतींतला रोग म्हणता येतं. तुकडा व्रणाच्या तळातून घ्या, तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींत हा लपतो. कडेचा तुकडा पाठवून 'काहीच नाही' असा रिपोर्ट मिळाला तर दोष आम्हा पॅथॉलॉजिस्टांच्या माथी मारू नका.

आतडेतज्ज्ञ:
हे शंभर टक्के मान्य. पण समजा रंग आला. रुग्ण पस्तिशीचा, रिपोर्ट येईतो ताप गेलेला, रक्त थांबलेलं. तरी दोन-तीन आठवडे औषध द्याल?

स्लाइडवाली:
त्याला नाही. पण साठीच्या मधुमेहीला मी एक दिवसही थांबवणार नाही, आणि मला भेटतो तो बहुतेक वेळा हाच.

आतडेतज्ज्ञ:
मला पस्तिशीवालेही भेटतात. त्यांनाही सलाइनमधून हे औषध सुरू करूनच पाठवलेलं असतं.