मदत हवी आहे: भावाच्या मोबाईलचा पासवर्ड पोलीस मागतायत, द्यावाच लागतो का?

पाणवठा
तातडीचं आहे. उद्या सकाळी अकराला भावाला तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फोनवरून बोलावलंय, मोबाईल आणि त्याचा पासवर्ड घेऊन ये म्हणालेत. "देशाच्या सुरक्षेचा विषय आहे, नाही दिलास तर तुझ्यावरच येईल," असं ऐकवलंय. द्यावाच लागतो का? नाही म्हटलं तर अटक होते का? "चूक नसेल तर घाबरायचं कशाला" हे कृपया कोणी लिहू नका, सकाळपासून घरात सगळे तेच बोलतायत.

घाटवाट
ताई, यावरून काहीच कळत नाही. भाऊ आरोपी आहे की साक्षीदार? गुन्हा नोंदलाय का, कोणत्या कलमाखाली? बोलावणं लेखी आहे का? मोबाईल घरी आहे की ठेवून घेतलाय?

जुनाखाकी
तीस वर्षं खात्यात काढली आहेत, म्हणून लिहितो. पासवर्ड द्या आणि मोकळे व्हा. तपासात गेलेला वेळ परत मिळत नाही. २६/११ ला अतिरेक्यांचं पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी चाललेलं बोलणं आपल्या यंत्रणांनी ऐकलं, म्हणून हे कुठून चाललंय ते कळलं. तेच बोलणं पुढे खटल्यात पुरावा म्हणून उभं राहिलं. तेव्हा कोणी खासगीपणाचा मुद्दा काढला असता तर?

कलमदान
साहेब, त्या रात्रीच्या फोन ऐकण्याला माझा काडीचाही विरोध नाही. पण त्यालाही कायदा होता. १९९६ च्या पीयूसीएल (एक नागरी हक्क संघटना) निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोन टॅप करायचा तर आदेश गृहसचिवाच्या पातळीवरून हवा, आणि तो नंतर एका समितीने तपासायला हवा. एक आदेश ६० दिवस चालतो, वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या पुढे नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं, कारण सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न तिथे नव्हताच. दिल्लीच्या गृहसचिवाला सही करून कारण लिहावं लागतं, तर तालुक्याच्या ठाण्याने नुसत्या फोनवर "पासवर्ड घेऊन ये" कसं म्हणावं?

रिमोट
फोन रिसेट मारा आज रात्री. फोनमध्ये काही राहिलंच नाही तर बघणार काय?

घाटवाट
@रिमोट, असला सल्ला देऊ नका हो! पोलिसांनी मागितलाय हे माहीत असताना फोन पुसला तर पुरावा नष्ट केल्याचं कलम लागू शकतं, भारतीय न्याय संहितेतलं (आधीच्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) २३८. आज जो नुसता साक्षीदार असेल तो उद्या आरोपी होईल. ताई, फोनला हात लावू नका, एक मेसेजसुद्धा डिलीट करू नका.

पाणवठा
माफ करा, घाईत लिहिलं. लेखी काही नाही, हवालदारांचा फोन आला होता. गुन्हा नोंदलाय का ते माहीत नाही. भाऊ कॉलेजच्या जुन्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. त्यात एकाने लष्कराबद्दल काहीतरी टाकलं आणि दुसऱ्या कोणीतरी तक्रार केली. भावाने स्वतः एक अक्षर लिहिलेलं नाही. मोबाईल त्याच्याकडेच आहे. पण त्याच फोनमध्ये आईचे दवाखान्याचे सगळे रिपोर्ट आहेत, माझे फोटो आहेत, आणि त्याची एक मैत्रीण आहे जिच्या घरी काही माहीत नाही. ते सगळं एका अनोळखी माणसाने वाचायचं?

कलमदान
ॲडमिन आहे हे आधीच सांगायला हवं होतं, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन जबाबदार धरता येत नाही, दोघांचं आधीपासून संगनमत असेल तरच.

पासवर्डचं उत्तर इतकं सरळ नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावू देत नाही. १९६१ मध्ये अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं की बोटांचे ठसे घेणं म्हणजे साक्ष नव्हे. डोक्यातला पासवर्ड मात्र वेगळा, असं २०२२ मध्ये दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने म्हटलं. त्याआधी २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने उलट मत दिलं होतं. म्हणजे वाद मिटलेला नाही.

जुनाखाकी
आयटी कायद्याचं ६९ कलम विसरलात, फोन-संगणकातली माहिती उघडून द्यायला लावणारं. मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कलमदान
आहे, पण त्यालाही २००९ च्या नियमांप्रमाणे सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो, म्हणजे पुन्हा गृहसचिवच. ठाणे अंमलदाराचा तो अधिकार नाही. ताईंना ६९ दाखवून घाबरवू नका, ही विनंती.

सातूचंपीठ
पेगासस असेल, म्हणजे फोनमध्ये गुपचूप शिरणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअर. रोज फोन बंद करून चालू करा, अनोळखी लिंक उघडू नका आणि सॉफ्टवेअर अपडेट ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले होते, ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच होतं याचा ठोस पुरावा नव्हता.

घाटवाट
त्यांनी पेगाससचं विचारलेलंच नाही. त्यांचा फोन समोरासमोर मागितलाय.

ओलीसुपारी
अवांतर: आमच्या सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो आणि नंबर ॲपमध्ये घेतात. तो किती दिवस ठेवता, असं सभेत विचारलं तर सेक्रेटरींना उत्तर देता आलं नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, पण तो कागदावरून गेटपर्यंत आलेला नाही. वेगळा धागा काढते.

जुनाखाकी
माझा पहिला प्रतिसाद रागात गेला. ताई, मला तुमच्या भावाचं वाईट नको आहे. तपास अधिकाऱ्यालाही वर उत्तर द्यायचं असतं, हेही लक्षात घ्या. उद्या आवाज न चढवता एवढंच म्हणा: "साहेब, सहकार्य करायचं आहे, नोटीस द्या." साक्षीदार असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७९, आरोपी असेल तर ३५(३), फोन हवा असेल तर ९४. नोटीशीवर जावक क्रमांक आणि तारीख बघा. फोन ठेवून घेतलाच तर पंचनाम्यात आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून घ्या आणि प्रत मागा. जप्तीचं व्हिडिओ चित्रण कलम १०५ नुसार त्यांना करावंच लागतं. चांगला अधिकारी याने चिडत नाही. पुढे न्यायालयात त्याचाच खटला टिकतो.

कलमदान
यावर साहेबांशी शंभर टक्के सहमत. फोन गेलाच तर पंचनाम्यात सीलबंद केल्याची नोंद हवी, आणि प्रयोगशाळेत प्रत काढताना हॅश व्हॅल्यू (आतल्या माहितीवरून निघणारा खुणेचा आकडा) नोंदलेली हवी, म्हणजे नंतर आत काही घुसडलं तर ते पकडता येतं. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे, १५१०० वर फोन लावा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो.

पाणवठा
अपडेट देते. रात्री इथलं सगळं वहीत उतरवून घेतलं. समितीतून वकीलबाई मिळाल्या, त्या सोबत आल्या. नोटीस मागितल्यावर साहेब थोडे गरम झाले, मग अर्ध्या तासाने १७९ ची नोटीस टाईप करून दिली. भाऊ साक्षीदार आहे! पासवर्ड सांगितला नाही. त्याने स्वतः फोन उघडून फक्त ती चॅट दाखवली आणि त्यांनी तिचे फोटो काढले. जबाब झाला, सही केली, फोन घेऊन घरी आलो. आई रडायचीच राहिली होती. तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, जुनाखाकी काकांचे विशेष.

पण एक राहून राहून टोचतंय. त्यांनी ग्रुपमधल्या सगळ्या सदस्यांच्या नंबरांचेही फोटो काढले. १४० मुलं आहेत, पोस्ट टाकणारा एक. त्यांना आम्ही सांगायचं का?

घाटवाट
सांगा. त्यांचे नंबर गेलेत, त्यांना कळायलाच हवं. फक्त ग्रुपवर लिहू नका आणि पोस्ट टाकणाऱ्याशी या विषयावर बोलू नका, नाहीतर साक्षीदार फोडल्याचं म्हणतील. आधी वकीलबाईंना विचारा.

कलमदान
आणि "सही केली" म्हणजे कशावर? पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कलम १८१. नोटीस मिळाल्याची पोच असेल तर हरकत नाही. जबाबाच्याच कागदावर असेल तर आज संध्याकाळीच वकीलबाईंच्या कानावर घाला.