कापडी पिशवी गेलीच कुठे होती?
२०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशवी परत आली असं म्हणतात. मोठ्या शहरांपुरतं ते ठीक. आमच्या सांगलीत ती दारामागच्या खिळ्यावरून हललीच नव्हती. तिचं सोवळंओवळंही कडक, भाजीची वेगळी, मटणाची वेगळी.

पण एसटीतल्या पिशवीबद्दल कुणीच लिहिलं नाही! तासगावची गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून पिशव्या आत पडतात आणि जागा धरल्या जातात. नुसता रुमाल टाकला तर भांडणं होतात. पण जुन्या पँटच्या पायाची, बंदांना दुहेरी टीप मारलेली, मेथीच्या जुड्या बाहेर डोकावणारी पिशवी असली की भलेभले उभ्याने जातात. उलट "मावशींची जागा आहे ती" म्हणून अख्खी गाडी राखण करते.