शिमग्यापासून आवाज बसलाय, गणपती तोंडावर आलेत

मालवणी बुवा:
नमस्कार मंडळी. मी भजनी बुवा, मालवण तालुक्यातला. दिवसा किराणा दुकान, रात्री पेटी. शिमग्यात पालखीपुढे घसा ताणला, वर सर्दी-ताप झाला, तेव्हा बसलेला आवाज अजून उठलेला नाही. आता आषाढ सरत आला. सकाळी जरा बरा असतो, पण दुपारपर्यंत गिऱ्हाइकांशी बोलून खरखर सुरू होते. पेटीच्या काळी चार या उंच सुरात गाणारा मी, आता गजर चढवायला घेतला की वरच्या सा ला नुसता वारा येतो. मागचे झीलकरी सांभाळून घेतात म्हणून निभावतंय. परवा एक आजी दुकानात म्हणाली, "बुवानू, आवाज खंय गेलो तुमचो?"

दुखत नाही, गिळताना अडकत नाही. पानात तंबाखू असते. भजन सुटल्यावर दोनला उसळ-पाव खाऊन आडवा होतो, ती सवय जुनीच. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध सगळं झालं. गणपतीत वाडीत घरोघर भजन आहे, शिवाय एका डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची, सुपारी घेतलीय. आमचा पखवाजवाला म्हणतो, घसा आतून बघायला दुर्बीण घातली की आवाज कायमचा जातो. खरं काय?

देवगडकर:
कंकोळ तोंडात धरा आणि निलगिरी टाकून वाफ घ्या. आमच्या काकांना गुण आला होता.

चिपळूणच्या बाई:
बुवा, पखवाजवाल्यांना म्हणावं ठेका सांभाळा. दुर्बिणीने काही होत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते, वर्गावर पत्रे. पावसात पत्रा वाजायला लागला की चौथीच्या पोरांना ऐकू जावं म्हणून किंचाळावं लागतं. माझाही आवाज असाच गेला होता. घशात कडू फवारा मारला, जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, नळी आत घेतली आणि "ई म्हणा". उमासे आले, पण मिनिटा-दोन मिनिटांत काम झालं. समोरच्या पडद्यावर माझ्याच घशातल्या, आवाज काढणाऱ्या स्वरपट्ट्या, दोन्हीवर समोरासमोर तांदळाच्या कणीएवढे उंचवटे. ऑपरेशन नाही, आवाजाचे व्यायाम दिले. काही महिने गेले, पण आवाज परत आला. शाळेकडे माइक मागितला तर हसले, मग मी स्वतःच कमरेला लावायचा छोटा स्पीकर घेतला.

वाचा-उपचारतज्ज्ञ, रत्नागिरी:
बुवा, मी गळ्याचे व्यायाम करून घेते, पण आधी कोणीतरी आत बघितल्याशिवाय मी कोणाला हात लावत नाही. चार आठवड्यांवर टिकलेला घोगरेपणा बघितलाच पाहिजे, आणि तंबाखू असेल तर तेवढंही थांबायचं नाही. तुम्ही ती मुदत केव्हाच ओलांडलीत.

बाईंना झालं तेच तुम्हाला असेल असं नाही. बोलताना पुरुषाच्या स्वरपट्ट्या सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा एकमेकींवर आपटतात. काळी चारच्या तार सा ला हाच आकडा 400 च्या वर जातो. त्यात सर्दीने पट्ट्या सुजलेल्या असताना जोर लावला की दोन्हीकडे गाठी येतात, किंवा एकाच बाजूला फोडासारखा पॉलिप. गाठी बहुतेकदा व्यायामाने जातात, पॉलिप पुष्कळदा काढावा लागतो. तो तोंडातूनच काढतात, गळ्यावर चीर नसते.

पण घोगरेपणा थायरॉईडने येतो, स्वरयंत्राच्या क्षयाने येतो, पट्टीची नस लुळी पडल्यानेही येतो. डावीकडची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून वर येते, म्हणून फुप्फुसातलं दुखणंही कधी कधी आवाजातून कळतं. आणि पट्टीवरचा कर्करोग, हो, तोही. घाबरवत नाही. त्यात आवाज अगदी सुरुवातीला बिघडतो, आणि तेव्हाच सापडला तर नुसत्या रेडिएशनने किंवा लेझरने बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. दुखत नाही म्हणून साधंच असेल, हा हिशेब इथे चालत नाही. श्वासाला घरघर, थुंकीत रक्त, गळ्याला गाठ, गिळताना अडकणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी जा.

अँटिबायोटिकने विषाणूची सर्दी जात नाही. दोनच्या उसळीने आम्ल वर येत असेल, शक्य आहे, पण तेही बघितल्यावर ठरवू. तोवर जेवण नि झोप यांत तीन तास ठेवा. देवगडकर, कंकोळ चघळायला हरकत नाही, पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं. पट्ट्यांवर गेलं असतं तर ठसकाच लागला असता. वाफ घ्या, पण साध्या पाण्याची. निलगिरीने चुरचुर वाढते.

मालवणी बुवा:
तुम्ही माझी झोप उडवलीत, पण बरं झालं. दोन गोष्टी विचारतो. दुकानात सध्या कुजबुजून बोलतो, तेवढा आराम पुरे का? आणि काहीजण बारीच्या आधी इंजेक्शन घेऊन गातात म्हणे, तेवढ्यापुरतं जमेल?

वाचा-उपचारतज्ज्ञ, रत्नागिरी:
कुजबुज म्हणजे आराम नव्हे. तिने पुष्कळांचा गळा उलट जास्त आवळला जातो. हळू, पण नेहमीच्या आवाजात बोला. गिऱ्हाईक लांब असेल तर हाक मारू नका, जवळ जा. सारखं खाकरणंही सोडा, खवखवलं की घोटभर पाणी.

ते इंजेक्शन स्टेरॉइडचं. सूज उतरते, आवाज मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि माणूस आणखी ताणतो. पट्टीत रक्त उतरलं तर एका बारीपायी पुढचा हंगाम जाईल. आत न बघता कोणी देत असेल तर घेऊच नका.

मालवणी बुवा:
गुरुवारचा नंबर लावलाय, कुडाळला. तिथे दुर्बीण नसली तर गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात जाईन, मेव्हणा गाडी घेऊन येतो म्हणालाय. घरगुती भजनं धाकट्या भावाकडे दिली, गाण्याची पट्टी दोन स्वर उतरवून. बारीचं मंडळाला अजून कळवलं नाही. समोरचे बुवा माझा आवाज बसल्याचं गवळणीत घालतील, त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

वाचा-उपचारतज्ज्ञ, रत्नागिरी:
मंडळाला आजच कळवा, त्यांना दुसरे बुवा बघायला वेळ मिळेल. आणि गुरुवारी तंबाखूचं डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा, किती वर्षं आणि दिवसाला किती पानं, तेही.