मदत हवी आहे: न्यू जर्सीच्या लायसन्सवर ४ पॉइंट दिसत असताना ६ पॉइंटांचा सरचार्ज कसा?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवरील पॉइंटांचा, म्हणजे वाहतुकीच्या गुन्ह्यांबद्दल नावावर लागणाऱ्या दंडगुणांचा, हिशोब गेले दोन आठवडे काही केल्या जुळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. पुण्यात असताना चलान आले की दंड भरायचा आणि विसरून जायचे, एवढाच अनुभव गाठीशी होता. इथे दंड भरल्यानंतर खरा हिशोब सुरू होतो, हे फार उशिरा कळले.

मार्च २०२३ मध्ये घराजवळच्या चौकात स्टॉप साइनपाशी गाडी पूर्ण न थांबवल्याबद्दल मला तिकीट मिळाले. चूक माझीच होती. दंड भरला आणि २ पॉइंट लागले. सलग १२ महिने एकही गुन्हा किंवा निलंबन नसेल तर मोटर व्हेईकल कमिशन, म्हणजे एमव्हीसी, ३ पॉइंट वजा करते, हे मी वाचले होते. त्यामुळे मार्च २०२४ नंतर माझ्या नावावर काही उरले नाही, असे मी धरून चाललो होतो.

जून २०२५ मध्ये ताशी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ७२ च्या वेगाने जाताना पोलिसांनी मला थांबवले. इथे मर्यादेपेक्षा १ ते १४ मैल जास्त वेग असल्यास २ पॉइंट, १५ ते २९ मैल जास्त असल्यास ४ आणि ३० किंवा त्याहून जास्त असल्यास ५ पॉइंट लागतात, म्हणजे अवघ्या तीन मैलांनी मी वरच्या गटात गेलो. शून्यात ४ मिळवले तर ४ होतात आणि सरचार्ज, म्हणजे दंडाशिवाय राज्याला वेगळी भरावी लागणारी रक्कम, ६ पॉइंटांपासून सुरू होतो, असा विचार करून मी कोर्टात न जाता ऑनलाइन दंड भरून मोकळा झालो.

आता १५० डॉलरचे सरचार्जचे बिल आले असून त्यावर ६ पॉइंट असे कारण दिले आहे. मी लगेच १५ डॉलर भरून माझ्या नोंदींचा उतारा, ज्याला इथे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणतात, तो काढला, तर त्यात सध्याचे पॉइंट ४ च दिसतात. मग बिल चुकीचे आहे का? त्याविरुद्ध दाद मागावी का? डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा, म्हणजे सुरक्षितपणे गाडी चालवायला शिकवणारा, वर्ग करून २ पॉइंट कमी करून घेतले, तर हे बिल रद्द होईल का? ज्यांनी हे सगळे निस्तरले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

बिल बरोबर आहे आणि तुमचा उताराही बरोबर आहे. घोटाळा एवढाच आहे की तुम्ही एकच हिशोब समजत आहात आणि राज्य दोन वेगळे हिशोब ठेवते.

पहिला हिशोब लायसन्स निलंबित करायचे की नाही, हे ठरवण्यासाठी असतो. १२ किंवा अधिक पॉइंट झाले की निलंबनाची नोटीस येते. वर्षभर नीट गाडी चालवल्याबद्दल वजा होणारे ३ पॉइंट याच हिशोबातून वजा होतात. तुमच्या नावावर २ च होते, म्हणून ३ वजा होऊन शून्य झाले. उरलेला एक पॉइंट पुढच्यासाठी शिल्लक राहत नाही, कारण हा आकडा शून्याच्या खाली जात नाही.

दुसरा हिशोब सरचार्जचा. त्यात मागील तीन वर्षांत लागलेल्या मूळ पॉइंटांची बेरीज घेतात आणि बेरीज ६ असेल तर १५० डॉलर, त्यावरील प्रत्येक पॉइंटमागे आणखी २५ डॉलर आकारतात. हा सरचार्ज ज्या कायद्याने बसतो, त्यात (कलम १७:२९ए-३५) स्पष्ट म्हटले आहे की पॉइंट कमी करण्याची सवलत या बेरजेसाठी धरायची नाही. मार्च २०२३ चे २ आणि जून २०२५ चे ४ तीन वर्षांच्या आत येतात, म्हणून ६. माझ्या मते दाद मागण्यात तुमचा वेळच जाईल. हे दोन हिशोब एकाच कागदावर शेजारी-शेजारी का छापत नाहीत, हा प्रश्न मलाही पडतो.

प्रतिसाद २

वरील उत्तराला जोडून वर्गाविषयी लिहितो. मान्यताप्राप्त डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा वर्ग पूर्ण केल्यावर २ पॉइंट कमी होतात, पण ही सवलत पाच वर्षांतून एकदाच मिळते आणि वर्ग संपवताना पॉइंट नावावर असावे लागतात. काही लोक तिकीट मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, निकाल लागून पॉइंट नोंदले जाण्याआधीच, वर्ग उरकतात आणि मग पाच वर्षे हळहळत बसतात. तुमचे ४ पॉइंट उताऱ्यात आले आहेत, त्यामुळे तुम्हाला ती अडचण नाही.

वर्ग केला तर ४ चे २ होतील आणि जून २०२५ पासून वर्षभर काही घडले नसेल, तर तेही जातील. वर्ग न करता वर्षभर थांबलात, तर ४ मधून ३ जाऊन १ उरेल. तुम्ही १२ पासून इतके दूर आहात की निव्वळ या एका पॉइंटासाठी वर्ग करावा, असे मी म्हणणार नाही. वर्ग करण्याचे खरे कारण वेगळे आहे: तो पूर्ण केल्यास न्यू जर्सीत विमा कंपनीला तीन वर्षे हप्त्यात सवलत द्यावी लागते. जूनमधल्या तिकिटानंतर तुमचा हप्ता वाढला असेल, तर तिथे वर्गाची फी बहुधा सहज वसूल होईल. सरचार्जचे बिल मात्र त्याने रद्द होणार नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, विमा कंपन्यांचा हिशोब आणखी निराळा असतो. पॉइंट वजा झाले तरी गुन्ह्याची नोंद उताऱ्यात राहते आणि कंपनी ती नोंद पाहते.

प्रतिसाद ३

तुमची खरी चूक घाईघाईने ऑनलाइन दंड भरणे ही होती, कारण दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. म्युनिसिपल कोर्टात हजर राहून सरकारी वकिलाशी बोलले असते, तर आधीची नोंद बरी असलेल्या चालकाला बऱ्याचदा सौम्य आरोप मान्य करण्याची संधी मिळते. ‘अनसेफ ड्रायव्हिंग’ या आरोपाला पहिल्या दोन वेळा एकही पॉइंट नसतो, पण दंडाशिवाय २५० डॉलरचा वेगळा सरचार्ज असतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत त्यात फार पैसे वाचले असते असे नाही; विमा कंपनीपुढे मात्र बरे दिसले असते. आता प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी कोर्टाकडे अर्ज करता येतो, पण तो मान्य होईलच असे नाही आणि वकिलाची फी १५० डॉलरपेक्षा नक्कीच जास्त होईल.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. म्हणजे मी बिल भरतो आणि विम्यासाठी वर्ग करतो. दोन शंका उरल्या आहेत. हेच बिल पुढच्या वर्षीही येईल का? आणि माझ्या पत्नीला मागच्या महिन्यात पेनसिल्व्हेनियात मर्यादेपेक्षा २४ मैल जास्त वेगाचे तिकीट मिळाले आहे. तिलाही ४ पॉइंट लागतील का?

प्रतिसाद १

सरचार्ज दरवर्षी आकारला जातो, पण तीन वर्षांच्या मुदतीतले पॉइंट ६ किंवा अधिक असतील तोपर्यंतच. स्टॉप साइनचे २ पॉइंट त्या मुदतीबाहेर गेले की बेरीज ४ वर येईल. तोपर्यंत नवे तिकीट मात्र मिळता कामा नये, कारण २ पॉइंटांचे साधे तिकीटही तुम्हाला परत ६ वर नेईल.

तुमच्या पत्नीला ४ लागणार नाहीत. दुसऱ्या राज्यात गाडी चालवताना केलेल्या गुन्ह्यासाठी न्यू जर्सी सरसकट २ पॉइंट लावते, वेग कितीही असो. पण तिने ते तिकीट अजून भरले नसेल, तर ऑनलाइन भरण्याआधी तिथल्या कोर्टाच्या सुनावणीची तारीख आधी पाहून घ्या.